वाफ, सॉना आणि रोगप्रतिकारशक्ती: बारामती-इंदापूरच्या रुग्णांनी काय समजून घ्यावे?

स्टीम बाथ, सॉना, इन्फ्रारेड केबिन हे शब्द आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत. बारामती, इंदापूरकडून तपासणीसाठी येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही आता विचारतात, "डॉक्टर, अंग गरम केलं की पांढऱ्या पेशी वाढतात म्हणे. मग आईला वाफेचा कोर्स देऊ का?" विचारणाऱ्याच्या आईला कधी मधुमेह असतो, कधी संधिवात, तर कधी तिची केमोथेरपी चालू असते. त्यामुळे सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही.

हा दावा पूर्ण खोटा नाही. शरीराचे तापमान वाढले की रोगप्रतिकारक पेशींच्या कामात बदल होतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे आणि माणसांवरच्या काही छोट्या अभ्यासांतही. पण "पेशींत बदल झाला" आणि "आजार टळला किंवा बरा झाला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत हे अंतर दिसत नाही. रुग्णाचे नुकसान होते ते नेमके तिथेच.

थोडक्यात सांगायचे तर:

• पूर्ण शरीर गरम केल्यावर काही पांढऱ्या पेशींची संख्या आणि हालचाल तात्पुरती बदलते.
• त्यामुळे कर्करोग, क्षयरोग, मधुमेह किंवा संधिवात बरा होतो, असा भरवशाचा पुरावा नाही.
• निरोगी माणसाला योग्य काळजी घेऊन थोडा वेळ वाफ घेणे बहुधा सोसते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा केमोथेरपी असेल तर धोका खरा आहे.
• चालू औषधे थांबवून उष्णतोपचार घेणे हा सर्वांत मोठा धोका.

हा उपचार आपल्याकडे नवा नाही

बारामतीहून पाटसमार्गे किंवा इंदापूरहून सरळ पुण्याकडे निघालात, तर महामार्गावर उरुळी कांचन लागते. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांनी निसर्गोपचार सुरू केले. ते काम पुढे मणिभाई देसाई यांनी सांभाळले. तिथला निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे. मातीचे लेप, कटिस्नान, सूर्यस्नान, वाफेचे स्नान, साधा आहार अशी त्याची पद्धत. पुणे शहरात बापू भवन येथे केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था १९८६ पासून आहे. आयुर्वेदाच्या पंचकर्मात तर स्वेदन, म्हणजे घाम आणणे, हा जुना विधी आहे. घरोघरी सर्दी झाली की गोधडीखाली वाफ घेतली जाते, तीही याच कुळातली.

म्हणजे अंग गरम करून घाम काढणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. सांधे मोकळे होतात, झोप चांगली लागते, हलके वाटते, असा अनेकांचा अनुभव असतो. तो नाकारण्याचे कारण नाही.

नवे आहे ते त्याभोवतीचे बोलणे. २०२० च्या कोरोना साथीनंतर "इम्युनिटी" हा शब्द घराघरांत पोचला. काढे, गोळ्या, वाफेची यंत्रे, सगळे त्या नावावर खपले. आता पूर्णशरीर उष्णतोपचारालाही तेच नाव चिकटले आहे. पूर्वी वाफ घ्यायची ती बरे वाटावे म्हणून. आता ती "पेशी वाढवण्यासाठी" घ्या, असे सांगितले जाते. दावा बदलला, तर पुरावाही त्या तोडीचा मागायला हवा.

अंग तापले की पेशींचे काय होते?

आधी ताप समजून घेऊ. आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट असते. जंतुसंसर्ग झाला की मेंदूतले तापमान-नियंत्रण केंद्र स्वतःच हा आकडा वर नेऊन ठेवते. म्हणून थंडी वाजते, अंग कापते आणि तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत चढते. हा ताप.

सॉना किंवा वाफेच्या पेटीत वेगळे घडते. मेंदूने ठरवलेला आकडा ३७ च असतो, पण बाहेरची उष्णता अंगात शिरते. शरीर घाम काढून, त्वचेकडे रक्त वळवून आणि हृदयाचे ठोके वाढवून ती बाहेर टाकायला धडपडते. तापमान दोन्हीकडे चढते, पण ताप शरीराने स्वतः आणलेला असतो आणि ही उष्णता बाहेरून लादलेली असते. म्हणून "कृत्रिम ताप आणतो" असे कोणी म्हणाले, तर ते अर्धेच खरे असते.

तरीही तापमान वाढल्याचे काही परिणाम दोन्हींत सारखे दिसतात. अमेरिकेतील बफेलो शहरात रॉसवेल पार्क हे कर्करोग केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे उंदरांवर काम करून दाखवले, की तापाइतक्या उष्णतेत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून लसिका ग्रंथींमध्ये जास्त संख्येने शिरतात. मान, काख आणि जांघेत ज्या गाठी हाताला लागतात, त्या या लसिका ग्रंथी. जंतूची ओळख पटवून घेण्याचे काम तिथे चालते. २०१९ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी याचे एक कारण दाखवले. उष्णतेत पेशी स्वतःला सांभाळण्यासाठी जी "उष्णता-आघात प्रथिने" तयार करतात, त्यांपैकी एक प्रथिन टी पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडायला मदत करते.

पण याला दुसरी बाजूही आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातील गटाने टी पेशी ३९ अंशांवर वाढवून पाहिल्या. पेशी जास्त जोमाने काम करू लागल्या. त्याच वेळी त्यांतल्या एका उपप्रकारात पेशीच्या ऊर्जाकेंद्रांवर ताण आला, जनुकीय द्रव्याला इजा झाली आणि काही पेशी मेल्या. दाह आवरून धरणाऱ्या पेशींची पकडही सैल झाली. म्हणजे उष्णता हे निव्वळ टॉनिक नव्हे. ती पेशींना कामाला लावते आणि थकवतेही. थोडी मात्रा, थोडा वेळ आणि निरोगी शरीर असेल तर हा ताण भरून निघतो. आधीच आजारी असलेल्या शरीरात तो भरून निघेलच, असे गृहीत धरता येत नाही.

२०२५ चा अभ्यास नेमके काय सांगतो?

सध्याच्या चर्चेत अमेरिकेच्या ऑरेगन विद्यापीठाचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात २० निरोगी तरुण स्त्री-पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी तीन पद्धतींनी गरम केले. पहिली पद्धत ४०.५ अंश गरम पाण्यात ४५ मिनिटे बसणे. दुसरी ८० अंशांच्या कोरड्या सॉनात दहा-दहा मिनिटे तीन वेळा. तिसरी इन्फ्रारेड केबिनमध्ये ४५ मिनिटे.

गरम पाण्यात बसल्यावर शरीराच्या आतले तापमान सुमारे १.१ अंशाने वाढले. सॉनात सुमारे ०.४ अंशाने. इन्फ्रारेड केबिनमध्ये ते जवळजवळ वाढलेच नाही. दाहाशी संबंधित इंटरल्यूकिन-६ हे रसायन, नैसर्गिक मारक पेशी आणि सीडी-८ टी पेशी यांच्यात वाढ दिसली ती फक्त गरम पाण्याच्या स्नानानंतर.

यातून तीन गोष्टी घेता येतात.

पहिली, यंत्र किती महागडे यावर परिणाम ठरत नाही. शरीराच्या आतले तापमान किती वाढले यावर तो ठरतो. "इन्फ्रारेड किरण खोलवर जातात, म्हणून पेशी जास्त वाढतात" हा दावा या अभ्यासात टिकला नाही.

दुसरी, हे सगळे लोक निरोगी आणि तरुण होते. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणाऱ्या, पायाला मुंग्या येणाऱ्या मधुमेही माणसाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अभ्यासात रक्तातल्या पेशी मोजल्या होत्या, आजार नव्हे. कोणाला सर्दी कमी झाली, कोणाचा न्यूमोनिया टळला, हे तो अभ्यास पाहतच नव्हता.

रक्तातल्या पेशींचा आकडा फसवा असू शकतो. कर्करोगाच्या रुग्णांना ३९ ते ४० अंशांवर काही तास ठेवून झालेल्या एका सुरुवातीच्या अभ्यासात रक्तातल्या टी पेशी उलट काही काळ कमी झालेल्या दिसल्या. पेशी मेल्या नसून रक्तातून ऊतींकडे गेल्या असाव्यात, असा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. एसटी स्टँडवर गाड्या कमी दिसल्या म्हणून एसटी बंद पडली असे नसते, त्या फेरीवर गेलेल्या असतात. आणि स्टँड भरलेला दिसला, तरी प्रवासी वेळेवर पोचले असे होत नाही. पांढऱ्या पेशींचा आकडा भरभर चालण्याने वाढतो, भीतीने वाढतो, स्टिरॉइडच्या गोळीने वाढतो. घाम जाऊन रक्त दाट झाले तरी तो वाढलेला दिसतो. त्यामुळे "कोर्सआधी आणि कोर्सनंतर" असे रक्ताचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून कोणी प्रतिकारशक्ती वाढल्याचे दाखवत असेल, तर तो पुरावा होत नाही.

आजार खरोखर कमी झाले का, हे पाहणारे अभ्यास फार थोडे आहेत. १९९० मध्ये ऑस्ट्रियातून आलेल्या एका अभ्यासात २५ जणांनी सहा महिने नियमित सॉना घेतला आणि २५ जणांनी घेतला नाही. सॉना घेणाऱ्यांना सर्दी कमी वेळा झाली, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. निष्कर्ष आशादायक आहे, पण माणसे अवघी पन्नास. फिनलंडमधील २३१५ पुरुषांच्या दीर्घ अभ्यासात वारंवार सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. मात्र ते केवळ निरीक्षण होते. जो आठवड्यातून चार-पाच वेळा सॉनात बसू शकतो, तो मुळातच धडधाकट असण्याची शक्यता जास्त. शिवाय फिनलंडमधली थंडी आणि इंदापूरचा एप्रिल यांची तुलना होऊ शकत नाही.

कर्करोग: एकाच नावाचे दोन वेगळे उपचार

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि त्याची किंमतही सर्वांत मोठी असते. "कर्करोगावर हायपरथर्मिया हा मान्य उपचार आहे" असे नातेवाईक कुठेतरी वाचतात. मग वाफेची पेटी म्हणजे तोच उपचार, असे त्यांना वाटते.

रुग्णालयातला हायपरथर्मिया बहुतेक वेळा शरीराच्या एका भागापुरता असतो. यंत्राने गाठीचा भाग ४० ते ४३ अंशांपर्यंत तापवतात आणि तोही केमोथेरपी किंवा रेडिओथेरपीच्या जोडीने. मऊ ऊतींच्या सार्कोमा या कर्करोगाच्या ३४१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्या रुग्णांना केवळ केमोथेरपी दिली, निम्म्यांना केमोथेरपी आणि जोडीला त्या भागाचा उष्णतोपचार. दहा वर्षांनी पहिल्या गटात ४२.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ५२.६ टक्के रुग्ण हयात असल्याचा अंदाज निघाला. हा फायदा खरा आहे. पण तो केमोथेरपीसोबत मिळाला, तिच्याऐवजी नाही. आणि तो एका विशिष्ट कर्करोगात, एका भागाच्या उष्णतेने मिळाला. पोटाच्या आत पसरलेल्या काही कर्करोगांत शस्त्रक्रियेच्या वेळी गरम केलेले केमोचे औषध पोटात फिरवतात, त्याला हायपेक म्हणतात. तोही शस्त्रक्रियागृहातला उपचार आहे.

संपूर्ण शरीर गरम करण्याचे प्रयोगही झाले आहेत. त्यांत रुग्णाला कित्येक तास ठरावीक तापमानावर ठेवतात. आतले तापमान, हृदयाचे ठोके, रक्तदाब सतत मोजतात. तापमान ४१ अंशांच्या पुढे न्यायचे असेल तर गुंगीचे औषध आणि अतिदक्षतेची तयारी लागते. एवढे करूनही फक्त पूर्णशरीर उष्णतेने कर्करोगाचे रुग्ण जास्त जगतात, असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. पंधरा मिनिटांचा स्टीम बाथ तर याच्या जवळपासही जात नाही.

तापाने उपचार करण्याचा इतिहास याबाबत बोलका आहे. व्हिएन्नाच्या यूलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये मेंदूला पोचलेल्या गरमीच्या (सिफिलिसच्या) रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणला. काही रुग्ण सुधारले आणि १९२७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण काही रुग्ण मलेरियानेच दगावले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि हा उपचार मागे पडला. दुसरा इलाज नव्हता तेव्हा उष्णतेचा धोका पत्करला गेला, चांगले औषध मिळताच सोडून दिला गेला. आज स्तनाचा, गर्भाशयमुखाचा, तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. अशा वेळी तीन महिने "आधी निसर्गोपचार करून पाहू" म्हणत आजार अंगावर काढला, तर गाठ थांबून राहत नाही.

केमोथेरपी चालू असलेल्या घरांसाठी एक सूचना वेगळी करून सांगतो. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो "चांगला ताप" समजू नका. वाफ देऊन घाम काढत बसू नका. सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो.

मग तापावर पॅरासिटामॉल घ्यायचे की नाही?

"ताप पेशींना मदत करतो, तर गोळी का घ्यायची?" हा प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये अतिदक्षता विभागातल्या सुमारे ७०० तापाच्या रुग्णांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी झाली. अर्ध्यांना पॅरासिटामॉल, अर्ध्यांना त्यासारखेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव. अतिदक्षतेबाहेर राहिलेल्या दिवसांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. सारांश असा, की ताप उतरवल्याने आजार बळावला नाही आणि तो न उतरवल्याने रुग्ण लवकर बराही झाला नाही. त्रास होत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत गोळी घ्या. किरकोळ ताप असून त्रास नसेल तर घाई नको. मात्र तापाचे कारण शोधायला विसरू नका.

आपल्याकडचे ऊन म्हणजे उपचार नव्हे

बारामती आणि इंदापूर हे कमी पावसाचे, उन्हाचे तालुके. नीरेच्या कालव्यांवर आणि उजनीच्या पाण्यावर ऊस उभा आहे, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जातो. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, गुऱ्हाळाच्या चुलाणापाशी किंवा कारखान्याच्या बॉयलरजवळ काम करणाऱ्याचे शरीर रोजच तापते. "आम्हाला सॉनाची गरजच काय, रोज घामाने भिजतोय" असे काही जण हसत म्हणतात. पण हे तापणे उपचार ठरत नाही. उपचारात वेळ ठरलेली असते, पाणी हाताशी असते, चक्कर आली की उठून बाहेर पडता येते. फडात यांपैकी काहीच आपल्या हातात नसते.

उष्णता ताब्याबाहेर गेली की तीच प्रतिकारशक्ती उलटते. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जाते. आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, आतड्याचे अस्तर सैल होते आणि जंतूंची विषद्रव्ये रक्तात शिरतात. पांढऱ्या पेशी एकदम खवळतात, सर्व अंगात दाह पेटतो, रक्त गोठण्याची घडी विस्कटते आणि मूत्रपिंड, यकृत, मेंदू निकामी होऊ लागतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण दगावले. नुसते बसून राहणेही किती महाग पडू शकते, हे तेव्हा दिसले.

म्हणून मार्च ते जून या काळात, उन्हात काम करून आल्यावर त्याच दिवशी स्टीम बाथ घेऊ नका. शरीर आधीच पाणी आणि क्षार गमावून बसलेले असते. वाफेच्या पेटीत हवा दमट असल्याने घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याचा मुख्य मार्ग बंद होतो आणि तापमान झपाट्याने चढते. वारंवार उन्हाचा ताण आणि पाण्याची कमतरता मूत्रपिंडांनाही सोसत नाही.

कोणी टाळावे, कोणी आधी विचारावे?

पूर्ण टाळावे:

• ताप, जुलाब किंवा उलट्या चालू असताना.
• गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. आईचे तापमान फार वाढल्यास बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीत दोष येण्याचा धोका वाढतो.
• नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत वारंवार दुखत असेल किंवा हृदयाची झडप फार अरुंद असेल तर.
• दारू प्यायल्यानंतर.
• केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी कमी असताना.
• क्षयरोगात खोकल्यातून रक्त पडत असेल तर.

आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे:

• मधुमेह. पायाची संवेदना कमी असेल तर भाजलेले कळत नाही. इन्सुलिन घेतल्यावर लगेच अंग गरम केले तर ते लवकर शोषले जाऊन साखर एकदम उतरू शकते.
• रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. बाहेर पडताना रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते.
• मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस. पाणी किती प्यायचे याचे बंधन असते, घामाचा हिशेब बसत नाही.
• मल्टिपल स्क्लेरोसिस. उष्णतेने लक्षणे तात्पुरती वाढतात.
• ल्युपस, आमवातासारखे आजार, ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठते. इथे "प्रतिकारशक्ती वाढवणे" हे उद्दिष्टच चुकीचे आहे, ती आवरण्यासाठीच औषधे चालू असतात. सांध्याला शेक दिल्याने आराम पडेल, पण सुजलेल्या, लाल झालेल्या सांध्यावर शेक नको.
• वेदनाशामक औषधाची पट्टी त्वचेवर लावलेली असेल तर. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जाते.
• अपस्मार, लहान मुले, वृद्ध व्यक्ती.

केंद्रात जाणारच असाल तर

निरोगी असाल, आवड असेल, तर वाफेला हरकत नाही. पैसे भरण्यापूर्वी मात्र हे प्रश्न विचारा. उपचार सुरू करण्याआधी माझा रक्तदाब, नाडी आणि चालू औषधे कोण पाहणार? त्या व्यक्तीचे शिक्षण काय? निसर्गोपचाराची बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी असते, चार दिवसांचे प्रशिक्षण म्हणजे ती नव्हे. मी आत असताना बाहेर माणूस उभा असेल का? दार आतून ढकलून उघडते का? चक्कर आली तर काय व्यवस्था आहे?

आत जाण्यापूर्वी पाणी प्या, डोक्यावर ओला रुमाल ठेवा. पहिल्यांदा पाच-दहा मिनिटे पुरेत. डोके दुखणे, मळमळ, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर लगेच बाहेर या. "विष बाहेर पडतंय, सहन करा" असे कोणी म्हणाले तरी थांबू नका. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीरातला टाकाऊ भाग काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. उठताना हळू उठा, थोडे बसा, मग चाला.

आणि "आमच्या कोर्समध्ये गोळ्या बंद कराव्या लागतील" असे कोणी सांगितले, तर तिथून परत या. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची गोळी किंवा स्टिरॉइड अचानक बंद केल्याचे परिणाम कुठलीही वाफ भरून काढत नाही.

कोणी बेशुद्ध झाले, असंबद्ध बोलू लागले, अंग भाजल्यासारखे तापले, तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

प्रतिकारशक्तीसाठी खरोखर काय करावे?

ज्या पैशात वाफेचा कोर्स होतो, त्यात आधी साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घ्या. साखर वाढलेली असेल तर पांढऱ्या पेशी जंतूंना नीट मारू शकत नाहीत. ती आटोक्यात आणणे हा प्रतिकारशक्ती सुधारण्याचा सिद्ध मार्ग आहे. वय जास्त असेल किंवा फुप्फुसाचा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. विशिष्ट जंतूची ओळख पेशींना करून देण्याचे काम लस करते, उष्णता ते करत नाही. तंबाखू, मिश्री, विडी सोडा. रात्रीची झोप पुरी करा. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांतून प्रथिने पोटात जातात का पाहा. रोज अर्धा तास भरभर चाला. चालण्यानेही त्याच मारक पेशी रक्तात फिरू लागतात, आणि चालण्याचा फायदा किती तरी मोठ्या पुराव्याने सिद्ध झाला आहे.

उरुळी कांचनचे काम सुरू झाले ते खेड्यातल्या गरिबाला परवडेल असा साधा उपचार मिळावा म्हणून. वाफेचा मान तेवढाच ठेवावा. अंग मोकळे व्हावे, मन शांत व्हावे, यासाठी ती घ्यावी. गाठ, न उतरणारा ताप, घटणारे वजन, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, अंगावरून अवेळी जाणारे रक्त यांपैकी काही असेल, तर वाफेची पेटी हे त्याचे ठिकाण नाही. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुमच्या गावाजवळ आरोग्य केंद्र असेल. तिथे आधी निदान करून घ्या. निदान हातात आल्यावर, उपचार चालू ठेवून, वाफ घ्यावी की नाही हे त्याच डॉक्टरांना विचारा.